मुलीचे वजन वाढले आहे. आधी काय पाहावे?

वाचकाचे पत्र

माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे. शाळेतील आरोग्य तपासणीनंतर ‘वयाच्या मानाने वजन जास्त, डॉक्टरांना दाखवावे’ अशी चिठ्ठी घरी आली. तिची उंची १४५ सेंटिमीटर आणि वजन ४७ किलो आहे. माझ्या वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे चिठ्ठी वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. सासूबाई म्हणतात, “वाढीचे वय आहे, उंची वाढली की आपोआप उतरेल.” तिच्या वडिलांनी मात्र तिचे रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले आहे. ते तिला पहाटे साडेपाचला उठवून धावायला नेतात आणि दर रविवारी काट्यावर उभी करून तिच्या सडपातळ मामेबहिणीचे उदाहरण देतात. हल्ली खेळाच्या तासाच्या दिवशी नेमके तिचे पोट दुखते. परवा तिच्या उशीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. तिच्या हृदयाला धोका आहे का? तिला डाएट द्यावे का? आणि या सगळ्याबद्दल तिच्याशी काय बोलावे?

एक आई

उत्तर

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यानेच तुमची झोप उडालेली दिसते. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमच्या मुलीच्या हृदयाला आज तातडीचा धोका आहे असे दिसत नाही. तरीही शाळेची चिठ्ठी कपाटात ठेवून विसरून जावी, असे मी म्हणणार नाही. या वयात वजन, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि अंगातला दमसास यांच्याकडे नीट लक्ष दिले, तर पुढे उद्भवणारे बरेच काही टाळता येते आणि त्यासाठी मुलीला अर्धपोटी ठेवावे लागत नाही. सध्या घरात जे चालले आहे ते तिच्या काळजीपोटीच चालले आहे, याबद्दल मला शंका नाही, पण त्यातील बऱ्याच गोष्टी थांबवाव्या लागतील, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेले बरे.

आधी आकड्यांचा अर्थ लावू. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो आणि तुमच्या मुलीचा तो सुमारे २२.४ येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा चांगला मानला जातो आणि अनेक पालकांची फसगत इथेच होते. मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलत असल्यामुळे तो त्याच वयाच्या मुलींच्या किंवा मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर ठेवूनच वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या तक्त्यांनुसार साडेदहा वर्षांच्या मुलीचा बीएमआय साधारणपणे १७ च्या आसपास असतो, सुमारे १९.५ च्या पुढे ‘वजन जास्त’ आणि सुमारे २३ च्या पुढे ‘स्थूलता’ असे धरले जाते. म्हणजे तुमची मुलगी स्थूल गटात नाही, मात्र त्या रेषेपासून फार लांबही नाही. शिवाय एका दिवसाच्या मोजमापापेक्षा गेल्या तीन-चार वर्षांत तिची रेघ तक्त्यावर कशी चढत गेली, हे डॉक्टरांच्या दृष्टीने अधिक बोलके असते. शाळेच्या किंवा लसीकरणाच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर त्या बरोबर न्या.

सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे. मुलींची उंची साधारणपणे साडेअकरा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते आणि त्याआधी अंग थोडे भरणे स्वाभाविक असते. तुमच्या मुलीची उंची पुढील दोन वर्षांत १० सेंटिमीटरने वाढली आणि वजन त्याच काळात फक्त तीन किलोने वाढले, असे धरा. तेव्हा तिचा बीएमआय २०.८ होईल, आणि साडेबारा वर्षांच्या मुलीसाठी तो निरोगी पट्ट्यात बसतो. एक किलोही न घटवता हे साधते. म्हणूनच वाढीच्या वयातील मुलीच्या बाबतीत ‘वजन कमी करा’ असे न सांगता ‘वजनवाढीचा वेग मंदावू द्या’ असे आम्ही सांगतो. सासूबाईंच्या म्हणण्याचा उरलेला निम्मा भाग म्हणजे ‘आपोआप’, आणि त्यावर मात्र विसंबून राहता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार स्थूल मुलांपैकी सुमारे ५५ टक्के मुले किशोरवयातही स्थूलच राहतात आणि स्थूल किशोरांपैकी सुमारे ८० टक्के जण मोठेपणीही स्थूल राहतात. तुमची मुलगी त्या रेषेच्या अलीकडे आहे, म्हणूनच आता हालचाल करण्यात अर्थ आहे.

आता हृदयाविषयी. हृदयविकाराचा झटका पन्नाशीत येत असला तरी त्यामागची प्रक्रिया फार आधी सुरू होते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातील बोगालुसा या छोट्या शहरात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलांचे वजन, रक्तदाब आणि रक्तातील चरबी मोजायला सुरुवात केली आणि ही मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांतील काही जण अपघातासारख्या कारणांनी तरुणपणीच दगावले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ते ३९ वर्षे वयाच्या अशा २०४ व्यक्तींच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले गेले. ज्यांच्यात जास्त वजन, जास्त रक्तदाब, बिघडलेले कोलेस्टेरॉल किंवा धूम्रपान यांपैकी एकही गोष्ट नव्हती, त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आतून केवळ १.३ टक्के भाग चरबीच्या पट्ट्यांनी व्यापलेला होता. ज्यांच्यात यांपैकी तीन किंवा चार गोष्टी एकत्र होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. एकटे वजन तेवढे घात करत नाही, त्याला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल येऊन मिळाले की नुकसान वाढत जाते. त्यामुळे मुलीचे वजन पाहून घाबरण्यापेक्षा त्याच्या सोबतीला आणखी काय आहे, हे तपासणे महत्त्वाचे ठरते.

याच विषयावरील दुसरा एक निष्कर्ष मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथील चार दीर्घकालीन अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०११ साली पाहण्यात आले की, ज्यांचे वजन लहानपणी जास्त होते पण जे मोठेपणी स्थूल राहिले नाहीत, त्यांच्यात मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धमन्या जाड होण्याची जोखीम जवळपास तेवढीच होती, जेवढी कधीच वजन जास्त नसलेल्यांची होती. लहानपणचे जास्त वजन हा कपाळावरचा लेख नाही. तुमच्या हातात अजून बराच काळ आहे आणि त्यात घाईघाईने, मुलीच्या जिवावर उठून काही करण्याची गरज नाही.

तुमच्या वडिलांचा झटका मात्र मी वेगळा काढून पाहीन. पालक, आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या किंवा भावंडे यांच्यापैकी एखाद्या पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास मानते, आणि ५१ हे वय त्यात येते. काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार जास्त असते. सुमारे २५० जणांमागे एकाला हा आनुवंशिक दोष असतो आणि त्याचा शरीराच्या जाडीशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे ज्या मामेबहिणीचे उदाहरण दर रविवारी दिले जाते, तिचीही कोलेस्टेरॉलची तपासणी व्हायला हवी, कारण ते आजोबा तिचेही आजोबा आहेत. ती सडपातळ असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही, हीच त्यातली अडचण आहे. तुमच्या भावाला हे अवश्य कळवा, आणि तुम्ही स्वतः ही तपासणी केली नसेल, तर मुलीबरोबर तुमचीही करून घ्या.

तपासण्यांची यादी लांबलचक नाही. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०११ साली सर्वच मुलांची ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान एकदा कोलेस्टेरॉलची चाचणी करावी असे सुचवले, कारण पौगंडावस्था सुरू झाली की कोलेस्टेरॉल काही काळ खाली येते आणि खरा आकडा झाकला जातो. तुमच्या मुलीचे वय त्यात नेमके बसते. एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल मुलांमध्ये ११० मिलिग्रॅमच्या आत असणे चांगले आणि १३० किंवा त्याहून अधिक असणे जास्त मानले जाते. त्याबरोबर रक्तातील साखर आणि यकृतासाठी एएलटी ही चाचणी करावी की नाही, हे डॉक्टर तिला पाहून ठरवतील. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर, जाड आणि मखमलीसारखी झाली आहे का, हे तुम्हीही घरी पाहू शकता. अनेक घरांत ती मळ समजून घासली जाते, पण प्रत्यक्षात ती शरीराला इन्सुलिनचा उपयोग नीट करता येत नसल्याची खूण असू शकते. कोणतीही तक्रार नसताना हृदयाच्या सोनोग्राफीपर्यंतच्या महागड्या तपासण्यांमागे लागू नका.

रक्तदाबाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण मुलांचा रक्तदाब अनेकदा घाईत आणि चुकीचा मोजला जातो. मुलीला तीन ते पाच मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवलेला आणि मोजताना कोणी बोलत नाही, अशी स्थिती हवी. दंडाला बांधायचा पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा असला पाहिजे. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के असावी लागते. भरलेल्या दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि घरात उगाच घबराट पसरते. १३ वर्षांखालील मुलांचा रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांनुसार तक्त्यात पाहावा लागतो, त्यासाठी मोठ्यांचे १२०/८० चालत नाही. एकदा जास्त आला म्हणून उच्च रक्तदाब ठरत नाही. तीन वेगवेगळ्या भेटींत तो जास्त आला, तरच तसे निदान करतात. ‘पट्ट्याचे माप बरोबर आहे ना, एकदा पाहता का?’ असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

इतके सांगितल्यावर माझ्या मनातील मुख्य गोष्टीकडे येते. काटा हृदय मोजत नाही. हृदय किती सक्षम आहे, ते धावता-खेळताना किती वेळ टिकते आणि थांबल्यावर किती लवकर शांत होते, यावरून कळते, आणि ही क्षमता वजन जराही न घटता वाढू शकते. नियमित दमवणाऱ्या खेळाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, त्यामुळे विश्रांतीतील नाडी मंदावते, धमन्यांचे आतील अस्तर अधिक लवचीक होते आणि स्नायू रक्तातील साखर चांगली शोषून घेतात. वजन जास्त असलेल्या मुलांवरील व्यायामाच्या अभ्यासांत काही आठवड्यांतच हे फायदे दिसले आहेत, अगदी काट्यावरचा आकडा तिथेच असतानाही. तुमच्या घरात दर रविवारी जे मोजले जाते, त्यात यातले काहीच दिसत नाही. मुलीने आठवडाभर मनापासून पोहून दाखवले आणि रविवारी काट्याने तोच आकडा दाखवला, तर आपले सगळे फुकट गेले असेच तिला वाटणार. म्हणून काटा घरातून काढून टाका. तिचे वजन आणि उंची डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांनी मोजली तरी पुरे.

किती खेळायला हवे, याबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशी आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोरदार, तसेच स्नायू आणि हाडे बळकट करणारे प्रकार करावेत. ‘सरासरी’ हा शब्द लक्षात ठेवा. एखादा दिवस परीक्षेत गेला, तर दुसऱ्या दिवशी जास्त खेळून तो भरून निघतो. ही ६० मिनिटे सलग असायलाही हवीत असे नाही, शाळेत चालत जाणे, मधल्या सुट्टीत पळापळ करणे आणि संध्याकाळचा खेळ मिळून ती होतात. जोर किती आहे हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. खेळताना मुलगी बोलू शकते पण गाणे म्हणू शकत नाही, तेव्हा हालचाल मध्यम असते, आणि दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा ती जोरदार असते. आठवड्यातून एकदा जिना चढताना किंवा सायकलवरून आल्यावर तिला धाप किती लागते आणि ती किती वेळात सावरते, याकडे नुसते लक्ष ठेवलेत, तर महिन्या-दोन महिन्यांत फरक तुमच्याच ध्यानात येईल.

पहाटेचे धावणे मात्र थांबवा. त्यामागची तळमळ मला कळते, पण तीन कारणांनी तो व्यायाम तिच्यासाठी चुकीचा आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक स्वतःचे सगळे वजन उचलावे लागते, त्यामुळे जास्त वजनाच्या मुलीला त्याच अंतरासाठी सडपातळ मुलीपेक्षा खूप जास्त मेहनत पडते आणि ती प्रत्येक वेळी मागे पडते. ज्या गोष्टीत रोज हार ठरलेली असते, ती गोष्ट कोणते मूल आवडीने करील? पोहण्यात पाणी वजन तोलून धरते, सायकल चालवताना ते बैठकीवर विसावते, म्हणून अशा प्रकारांत तिचा दमसास तिला स्वतःला जाणवेल इतका खुलतो. ताकदीच्या खेळांत तर अंगाने भरलेली मुले अनेकदा सरस ठरतात, कारण चरबीबरोबर त्यांचे स्नायूही अधिक असतात. दोरीखेच, गोळाफेक, ज्युदो, कुस्ती, चढणे, ढकलणे यांत तिला कोणी पहिल्यांदा ‘शाब्बास’ म्हटले, की अंगमेहनतीशी तिचे नाते बदलू लागते. जाणकाराच्या देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम या वयात सुरक्षित असतो आणि त्याने उंची खुंटते ही समजूत चुकीची आहे. धावण्याची आवड लागलीच तर ती पुढे लागेल, आणि तीही तिच्या मनाने.

दुसरे कारण झोपेचे आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. साडेपाचला उठायचे, तर तिला साडेआठपर्यंत गाढ झोप लागलेली असायला हवी, आणि शाळा, अभ्यास आणि जेवण सांभाळून ते किती घरांत जमते? झोप कमी पडली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे घटते आणि दिवसा खेळायला उत्साहही उरत नाही. तेव्हा पहाटे मिळवलेले दिवसभरात गमावले जाते. तिसरे कारण मला सर्वांत जास्त खुपते. जो व्यायाम वजनाची शिक्षा म्हणून करायला लावला जातो, तो शिक्षा संपताच सुटतो, आणि हृदयाला तर तो पुढची पन्नास वर्षे हवा असतो.

तुमचा दुसरा प्रश्न डाएटचा होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. रात्रीचे जेवण उद्यापासून पूर्ववत करा. वाढीच्या वयात, पाळी सुरू होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीचे घास मोजणे धोक्याचे असते. किशोरवयात डाएट करणाऱ्या मुलांमध्ये पुढे वजन अधिक वाढण्याची आणि खाण्याच्या विकारांचीही शक्यता जास्त असते, म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना डाएट, वजनाची चर्चा आणि चिडवणे टाळण्याचा आणि कुटुंबाने एकत्र जेवण्याचा सल्ला दिला. उशीखाली सापडलेल्या पुड्यांकडे मी चोरी म्हणून पाहत नाही. ती अर्ध्यावर उठवली गेली, म्हणून तिला भूक लागली, आणि मागितले तर बोलणी बसतील हे माहीत असल्यामुळे तिने लपवले. लीन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ साली लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की समोर असलेल्या खाऊवर बंदी घातली की मुलांचे त्याच खाऊकडे लक्ष वाढते आणि बंदी उठताच ती तो जास्त खातात. पुड्यांबद्दल तिची उलटतपासणी करू नका. ‘भूक लागली की मला सांग, रात्रीही सांग’ एवढे एकदा शांतपणे म्हणा आणि विषय तिथेच सोडा.

मग खाण्यात काही बदलायचेच नाही का? बदलायचे आहे, पण ते सगळ्यांच्या ताटात. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी मला फार उपयोगी वाटते. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे मोठ्यांनी ठरवायचे, तर त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवायचे. तुम्ही घरात काय आणता यावर पहिला ताबा तुमचा असतो. सर्वांत आधी गोड पेये बंद करा, कारण एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने क्वचितच पडतो. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ सालच्या शिफारशीनुसार २ ते १८ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी खावी. प्यायलेली साखर पोट भरल्याची जाणीवही नीट देत नाही. फळाचा रसही याच माळेतला आहे, फळ मात्र खुशाल द्या. त्यानंतर ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा, उरलेल्यात प्रथिने आणि शक्यतो न पॉलिश केलेली धान्ये, ठरलेल्या वेळी जेवण, मधल्या वेळी ठरलेला एक खाऊ आणि जेवताना टीव्ही-मोबाइल बंद, इतके पुरे आहे. गोड पदार्थ ‘शहाण्यासारखे वागलीस’ म्हणून बक्षीस देऊ नका आणि एखाद्या दिवशी सगळ्यांनी मिळून खाल्ला तर त्याचा हिशेबही मांडू नका.

तिच्या वडिलांशी बोलणे तुम्हाला जड वाटत असेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या. लिओनार्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचा दहा वर्षे पाठपुरावा केला होता आणि त्याचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात आई किंवा वडिलांनी मुलाबरोबर स्वतःच्या सवयीही बदलल्या, त्या गटातील मुलांना दहा वर्षांनंतरही सर्वाधिक फायदा टिकलेला दिसला. केवळ मुलाला बदलायला सांगणारे मागे पडले. पहाटे उठण्याची जिद्द तिच्या वडिलांमध्ये आहे, ती संध्याकाळी तिच्याबरोबर पोहण्याकडे किंवा सायकलीकडे वळवता येईल. रविवारी काट्याऐवजी दोघांनी कोठे जायचे, हे तिला ठरवू द्या. मामेबहिणीशी तुलना मात्र आजच थांबली पाहिजे, याबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. घरच्यांनी वजनावरून टोचून बोललेल्या मुली पुढे कमी खात नाहीत, त्या लपून आणि जास्त खातात, असेच वारंवार दिसून आले आहे, आणि ते बोल त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहतात.

तिच्याशी काय बोलावे, असे तुम्ही विचारले आहे. दवाखान्यात जाण्याआधी तिला सांगा, की आजोबांना हृदयाचा आजार होता, म्हणून आपण सगळे आपले रक्त आणि रक्तदाब तपासून घेत आहोत. हे खरे आहे आणि त्यात तिच्यावर कोणताही ठपका येत नाही. डॉक्टरांना आधीच निरोप द्या, की वजनाचा आकडा तिच्यासमोर मोठ्याने सांगू नये. ‘मी जाडी आहे का?’ असे ती विचारीलच. तेव्हा ‘छे, कुठे?’ म्हणून उडवून लावू नका, कारण आरसा तिलाही दिसतो. ‘तुझे शरीर वाढते आहे, प्रत्येकाचे वेगळ्या गतीने वाढते, आणि ते बळकट व्हावे म्हणून आपण सगळे मिळून काही सवयी बदलतो आहोत’, असे म्हणा आणि मग तिला काय वाटते ते ऐकून घ्या. बाबांनी स्वतःहून ‘काट्यावर उभे करायला नको होते’ असे तिला सांगितले, तर माझ्या मते कोणत्याही आहारतक्त्यापेक्षा त्याचा गुण लवकर येईल.

खेळाच्या तासाचे पोटदुखणे खरे असते, मुले ते ढोंग म्हणून करत नाहीत. भीतीने पोट खरोखरच दुखते. तासाला नेमके काय होते, हे तिला एकटीला, दुसरे काहीतरी करत असताना विचारा. मुलांच्या गटांची निवड होताना तिचे नाव शेवटी घेतले जाते का, पळताना कोणी हसते का, कपडे बदलताना तिला लाज वाटते का, हे कळले की शिक्षकांशी बोला. गट शिक्षकांनीच पाडावेत, वजन सर्वांसमोर घेऊ नये आणि शर्यतीत इतरांशी तुलना न करता तिच्या स्वतःच्या मागच्या वेळेशी करावी, एवढ्या तीन गोष्टी मान्य करणे कोणत्याही शिक्षकाला कठीण नाही. खेळाच्या तासातून सूट मिळावी म्हणून वैद्यकीय दाखला मात्र मागू नका.

काही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपणे, खूप तहान लागून वारंवार लघवीला होणे, सतत डोके दुखून नजर धूसर होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांडीत, कंबरेच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखून मुलगी लंगडू लागली, तरी त्याच दिवशी दाखवा, कारण जास्त वजनाच्या मुलांमध्ये वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचे डोके जागेवरून सरकू शकते आणि ते दुखणे गुडघ्याचे म्हणून दुर्लक्षिले जाते. झोपेत रोज मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होणे, हेही लवकर सांगण्यासारखे आहे. उंची वाढायची थांबली आणि वजन मात्र वाढतच राहिले, तर थायरॉइडसारख्या ग्रंथींची तपासणी करावी लागते. सध्या तिची उंची वयाच्या मानाने चांगली आहे, त्यामुळे त्याची शक्यता कमी वाटते.

पहिली भेट येत्या दोन-तीन आठवड्यांत घ्या. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ठीक निघाले, तर पुढचे सहा महिने घरातील गोड पेये, झोपेची वेळ आणि तिच्या आवडीचा एक खेळ, एवढ्याकडेच लक्ष द्या आणि मग पुन्हा उंची, वजन आणि रक्तदाब तक्त्यावर मांडून घ्या. एलडीएल १६० च्या वर आले, तर आजोबांचा इतिहास लक्षात घेता मुलांच्या कोलेस्टेरॉलची माहिती असलेल्या तज्ज्ञांकडे जावे लागेल. ते अहवाल आणि तुमचे स्वतःचे आकडे दोन्ही बरोबर ठेवा, म्हणजे निर्णय लवकर होईल.